उभ्या गाडीवरचं सामान

भाऊजी गेल्याची बातमी मला शाळेत मिळाली. मधली सुट्टी नुकतीच संपली होती, मुली अजून डबे आवरत होत्या, आणि शेजारच्या वर्गाच्या बाई दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "नालवाडीहून निरोप आलाय. तुमचे भाऊजी गेले." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "आणि सामान?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. धक्क्यानं हिचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं असणार. पण वर्ध्यात भाऊजींना, म्हणजे वसंतरावांना, ओळखणाऱ्या प्रत्येकानं त्या दिवशी हेच गृहीत धरलं होतं, की ते फटफटीवरून पडले. आणि ते पडले असते तर शुद्धीवर येताच त्यांनी स्वतः आधी सामानाचीच चौकशी केली असती. तसं काही झालं नव्हतं. ज्यांच्या गाडीवरून उभ्या आयुष्यात औषधाची एक बाटली घरंगळली नाही, ते भाऊजी सकाळी घरच्या न्हाणीत ओल्या फरशीवर पडले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, एवढंच म्हणाली, "हातातला तांब्या नाई सोडला शेवटपर्यंत."

वर्तमानपत्राच्या या पानावर, गेलेल्या माणसांबद्दल जे लिहून येतं ते मी नेमानं वाचते. सगळी माणसं प्रेमळ, सगळी दिलदार, कोणाच्याही दारातून कोणी रिकाम्या हातानं परत गेलेलं नसतं. एवढी चांगली माणसं जिवंतपणी राहतात तरी कुठे, असा प्रश्न मला पडतो. माझे भाऊजी तसे नव्हते. ते कष्टाळू होते, निर्व्यसनी होते, डोक्यानं तल्लख होते, आणि दुष्ट होते. हा शेवटचा शब्द मी रागाच्या भरात लिहिलेला नाही. ताईला वाचून दाखवला, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे. खोटं काऊन लिहायचं?"

कपाशीवर फवारायची औषधं विकणं हा त्यांचा व्यवसाय. एका कंपनीचे ते फिरते विक्रेते होते आणि सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट इकडची सगळी खेडी त्यांनी फटफटीवर पालथी घातली होती. सत्तरच्या दशकातले ते रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, पाऊस पडला की चाकाला चिकटून बसणारी काळी माती, मधेच आडवा नाला. औषधाच्या बाटल्या काचेच्या. एक फुटली तर बाकीचा माल खराब, अंगावरचे कपडे खराब, आणि वास असा की जेवणावरून मन उडावं. भाऊजींच्या आधीच्या माणसानं म्हणे दर फेरीला दोन-चार फोडल्या होत्या. भाऊजींनी एकही फोडली नाही. रोज संध्याकाळी ते पडवीत उकिडवे बसायचे आणि दुसऱ्या दिवशीचं सगळं सामान समोर पसरायचे. मग निवड सुरू व्हायची. एकेक वस्तू हातात घेऊन ते दोनच गोष्टी विचारायचे, कोणाला ते नाही, त्या वस्तूलाच विचारल्यासारखं. हे लागते का? हे बांधता येते का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच ती वस्तू गाडीवर चढायची. बाटल्या जुन्या धोतराच्या पट्ट्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, पेटीच्या कोपऱ्यांवर गोणपाटाचे तुकडे, म्हणजे धारेनं पट्टा कापला जाऊ नये. जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर. डावीकडे जेवढं वजन तेवढंच उजवीकडे, हे ते हातात तोलून ठरवायचे. दोरीवर त्यांचा विश्वास नव्हता. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे लांब पट्टे कापून ठेवलेले होते, दाराच्या मागे खिळ्याला टांगलेले. ताई एकेक पट्टा हातात द्यायची, ते पेटीवर फुली मारून ओढायचे, पाय चेसिसला लावून असा ताण द्यायचे की रबर कुरकुरायचं. शेवटची गाठ मात्र अशी, की टोकाला एक हिसका दिला की सगळं मोकळं. या गाठीचा त्यांना फार अभिमान. पाहुण्यांना ते ती मुद्दाम सोडून दाखवायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि हा लेख खरं तर त्या नियमाबद्दल आहे. सामान बांधून झालं की गाडी थांबवायची नाही. मुक्कामाला पोचेपर्यंत नाही. त्यांचं म्हणणं असं, की चालत्या गाडीवर सामान आपली जागा धरून बसतं आणि गाडी उभी राहिली की ते सैल पडतं, मग पुन्हा निघताना पहिल्या हिसक्यालाच घात होतो. हे खरं की खोटं मला त्या वेळी कळत नव्हतं. ते मात्र हा नियम असा पाळायचे की लोक हसायचे. रेल्वेचं फाटक बंद असलं तर सगळी वाहनं उभी राहायची आणि भाऊजी रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत गोल गोल फेऱ्या मारत राहायचे, मालगाडी जाईपर्यंत, सर्कशीतल्या माणसासारखे. कोणी ओळखीचं भेटलं, हात केला, तरी ते चालत्या गाडीवरूनच ओरडायचे, "सामान हाय!" आणि पुढे. मलाही ते एकदा असेच ओलांडून गेले, भर उन्हात, पवनारच्या रस्त्यावर, माझ्या सायकलची साखळी निघालेली असताना.

आता बायको ही काही बांधता येणारी वस्तू नाही. त्यामुळे ताई त्यांच्या गाडीवर लग्नानंतर एकदाच बसली, तीही सासरी येताना. पुढे मागच्या सीटवर कायमची पेटी आली. लग्नाला, मुंजीला, माहेरी, कुठेही जायचं तर भाऊजी सामान घेऊन पुढे जायचे आणि ताई एस्टीनं मागून. "सामान पोचलं पाह्यजे ना येळेवर," असं ते सांगायचे, जणू ताईनं वेळेवर पोचण्याची काही गरजच नव्हती. मी एकदा थट्टेत म्हटलं, "भाऊजी, ताईलाही बांधून टाका ना मागे." ते हसले नाहीत. ताईकडे नीट पाहून म्हणाले, "बांधलं असतं बेबी, पण हे सामान बोलते." मला ते बेबी म्हणायचे. पडवीतले चार जण खो खो हसले. ताईही हसली. तिचं ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही संताप येतो.

बाबांचं आजारपण आलं ते आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात. आमचं गाव सेलूच्या पुढे, बोर नदीच्या अलीकडे. बाबांना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्यांच्याजवळ असायचे, आणि ताई रोज नालवाडीहून डबा घेऊन जायची. मी सुट्टी काढून गावी आईजवळ होते, कारण आईला एकटं ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती. ताई बाबांची फार लाडकी. मला हे लिहायला काही वाटत नाही, ती होतीच तशी. बाबा तिच्याच हातनं जेवायचे, आदल्या दिवशी तर त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, की उद्या भरल्या वांग्याची भाजी आणशील. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई घरी वांगी चिरत असताना, बाबा गेले.

भाऊजी तेव्हा दवाखान्यातच होते. बाबांना गावी न्यायला दवाखान्याची गाडी मिळेना, ती कुठे तरी बाहेर गेलेली होती. ट्रकवाले मयत घेत नाहीत. काका म्हणाले, थांबू, काही तरी होईल. भाऊजी म्हणाले, "काऊन थांबायचं? माह्या फटफटीवर नेतो." आणि त्यांनी नेलं. हे सोपं काम नव्हतं आणि दुसऱ्या कोणाच्यानं ते झालं नसतं, हे मी मान्य करते. पेटी दवाखान्यातच उतरवून त्यांनी बाबांना आपल्या पाठीशी बसवलं, धोतर छातीवरून फुली मारून स्वतःच्या अंगाशी आवळलं, पाय ट्यूबच्या पट्ट्यांनी पायदानाला जखडले. मान कलंडू नये म्हणून उपरणं डोक्यावरून घेऊन आपल्या खांद्याशी बांधलं. मागे काका, आधाराला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा जावयाच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगतो आहे.

दवाखान्यातून आमच्या गावाचा रस्ता नालवाडीवरून जातो. भाऊजींचं घर अगदी रस्त्याला लागून, फाटक उघडलं की डांबर. ताई डबा भरून निघायच्या तयारीत होती. तिला फटफटीचा आवाज आला, तो आवाज ती हजार गाड्यांत ओळखायची, म्हणून ती फाटकापर्यंत धावत आली. पाहते तो नवरा, त्याच्या खांद्यावर बाबा, मागे काका... तिला वाटलं, बाबांना सुट्टी मिळाली. बाबा बरे होऊन घरी चालले. तिनं डबा खाली ठेवला आणि हात उंच करून हलवला. "बाबा!" म्हणून हाकही मारली, हसत हसत. काका मागून ओरडले, "वसंतराव, थांबा, पोरीले तोंड दाखवा!" भाऊजींनी मान वळवली नाही. उलट गाडीचा वेग वाढवला. काकांनी पुन्हा सांगितलं तेव्हा एवढंच बोलले, "थांबलो तं ढिलं पडते."

ताई घरात गेली. शेजारणीला तिनं साखर दिली, बाबा सुटले म्हणून. लुगडं बदललं, डबा तसाच घेतला, कारण भरली वांगी बाबांना हवी होती, आणि पुढची एस्टी धरून गावाला निघाली.

इकडे गावात भाऊजी अंगणात येऊन उभे राहिले तेव्हा मी दारातच होते. चार माणसं पुढे झाली. भाऊजींनी धोतराच्या टोकाला एक हिसका दिला आणि बाबा अलगद त्या चौघांच्या हातात आले. लोकांच्या तोंडून आश्चर्याचा आवाज निघाला. खोटं कशाला सांगू, माझ्याही. तिरडी बांधायला घेतली, तेव्हा मी भाऊजींना विचारलं, ताई कुठे आहे, तिला कळवलं का. ते हात धूत होते. "येऊन राह्यली असंन मांगून," म्हणाले. मी म्हटलं, मग थांबू या. आईही आतून रडत तेच म्हणत होती. गावातली मोठी माणसं भाऊजींकडे पाहायला लागली, कारण आणणारा तोच, शब्द त्याचाच. आणि ते म्हणाले, "बांधून झालं ना? मंग थांबू नका. पोरीचं काय काम हाय मसनात?" सगळे उठले.

ताई आली तेव्हा बायका अंगणात पाणी टाकून सारवत होत्या. तिच्या हातात डबा होता. ती मला म्हणाली, "बाबा झोपले का?"

या पुढचं मी लिहीत नाही. लिहिता येत नाही म्हणून नव्हे, ते ताईचं आहे म्हणून.

त्यानंतर वर्षभर आमच्या गावात भाऊजींचं कौतुक चाललं होतं. वसंतरावनं सासऱ्याले असं आणलं का मान हालली नाई, असं लोक पारावर सांगायचे. भाऊजी ते ऐकून घ्यायचे आणि वर धोतर कसं आवळलं तेही समजावून सांगायचे, ताई चहा देत असताना. ताई त्यांना कधी काही बोलली नाही. रोज संध्याकाळी ती खिळ्यावरचे पट्टे काढून एकेक हातात द्यायची, रोज सकाळी फाटक उघडायची. फक्त गाडी निघाली की तिचे दोन्ही हात पदराखाली असायचे. त्यानंतर तिनं कोणालाही हात हलवून निरोप दिलेला मी पाहिला नाही. तिचा मुलगा नागपूरला शिकायला गेला तेव्हासुद्धा नाही.

अशी दहा वर्षं गेली आणि भाऊजी न्हाणीत पडले. मी शाळेतून पोचले तोवर मुलगा नागपूरहून आलेला होता. काका आले होते, खूप थकलेले, काठी घेऊन. भाऊजींचा धाकटा भाऊ अरुण यवतमाळकडच्या एका खेड्यात मास्तर आहे, त्याला तार गेली होती आणि तो निघाल्याचा निरोपही आला होता. अंगणात माणसं तिरडी बांधत होती. ताई दारात बसून पाहत होती, डोळे कोरडे. एकाएकी ती उठली आणि पुढे गेली. "ढिली हाय," म्हणाली. माणसं म्हणाली, वहिनी, तुम्ही राहू द्या, आमी बांधतो ना. तिनं ऐकलं नाही. सुतळी सोडली, बांबूला पाय लावला आणि ताण देऊन छातीवर फुली मारली, पायाशी मारली, टोक आत खोवलं. बायकांनी तिरडीला हात लावायचा नसतो, पण तिला अडवायला कोणी धजलं नाही. इतक्या वर्षांत पट्टे हातात देता देता ती सगळं शिकली होती. मी इतकी घट्ट तिरडी पाहिलेली नाही.

उचलायची वेळ झाली तेव्हा कोणी तरी म्हणालं, "अरुणभाऊ येऊन राह्यले. अर्धा-पाऊण तास थांबू. सख्खा भाऊ हाय, तोंड पाहू द्या." सगळ्यांना ते पटलं. मुलगाही म्हणाला, "आई, काकासाठी थांबू." ताईनं हात झटकले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बांधून झालं ना? मंग थांबू नका. ढिलं पडते."

अंगणातल्या बहुतेकांना वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. काकांनी मात्र काठीवर कपाळ टेकलं. मला वाटलं होतं, असा एखादा दिवस आला तर मला आनंद होईल. दहा वर्षं मी त्याची वाटच पाहत होते म्हणा ना. तसं झालं नाही. मला भीती वाटली, भाऊजींची वाटायची तशीच, आणि ती माझ्या बहिणीची वाटत होती. तिरडी उचलली गेली. अरुण आला तेव्हा बायकांनी अंगणात पाणी टाकायला घेतलं होतं. तो फाटकात उभा राहून लहान मुलासारखा रडला आणि ताई आतून त्याच्याकडे पाहत राहिली.

मागच्या रविवारी मी नालवाडीला गेले होते. मुलाला ती जुनी फटफटी नको आहे, म्हणून ताईनं ती अरुणला दिली. तो न्यायला आला होता, सोबत भावाची आठवण म्हणून ती पत्र्याची पेटीही. पेटी त्यानं स्वतः बांधायचा प्रयत्न केला, पण ती एका बाजूला कलली. ताईनं त्याला दूर सारलं आणि खिळ्यावरचे सगळे पट्टे काढून बांधायला बसली. तो बाजूला उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, "वहिनी, तुमी मले सांगा. त्या दिवशी काऊन नाई थांबल्या? मी वर्ध्याच्या स्टँडवर उतरलो होतो." ताई पट्टा ओढत राहिली. "मी बी त्याईले हेच विचारीन, असं रोज वाटे," ती म्हणाली, "ते म्हनत, थांबलं तं ढिलं पडते. मी इस्वास ठेवला." अरुणला काय कळलं, कोण जाणे. त्यानं गाडी सुरू केली आणि पेट्रोल भरायला पवनारकडच्या पंपावर गेला, तिथून परतून त्याला वर्ध्यावरून पुढे जायचं होतं.

आम्ही आत आलो. दारामागे मोकळा खिळा होता आणि त्याच्याखाली चुन्याच्या भिंतीवर रबराच्या पट्ट्यांचे काळे लांब डाग, एकाला लागून एक. मी म्हटलं, पांढरा हात मारून घे. ताई म्हणाली, दोनदा मारला, खालून वर येते. तेवढ्यात रस्त्यावर तो आवाज आला. ताई ताडकन उठली आणि फाटकाकडे धावली, मी तिच्या मागे. अरुण पंपावरून परत चालला होता. आम्हाला फाटकात पाहून त्यानं ब्रेक मारला आणि अगदी आमच्यासमोर गाडी उभी केली, पाय खाली टेकवला. "येतो वहिनी," म्हणाला, "नीट राहजा."

ताईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती रस्त्यावर उतरली, पेटीला हात लावला, एक पट्टा बोटात धरून ओढला, मग दुसरा. मग पेटी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. ती जागची हलली नाही.

"बेबी," ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी तिचा आवाज फुटला, "थांबला वं तो... काई ढिलं नाई पडलं."